ईपीआर सपाट आला म्हणून लोह फेरस ठरत नाही

प्रथिन तपकिरी आहे, ४१० नॅनोमीटरला खांदा दिसतो, पण ईपीआरमध्ये (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, सुटे म्हणजे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन दाखवणारी चाचणी) काहीच नाही. मग सगळं लोह फेरस (२+ भाराचं) धरायचं का, असं तुम्ही विचारलंय. नका धरू. साधं फेरस लोह बहुधा इतका रंग देतही नाही. रुब्रेडॉक्सिन (एकच लोह धरणारं छोटं प्रथिन) क्षपित केलं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन दिला, की जवळजवळ रंगहीन होतं.

माझा संशय चार लोह-चार गंधकाच्या क्लस्टरवर आहे. त्याच्या २+ अवस्थेत (हा भार पूर्ण क्लस्टरचा) चारही लोहांचे स्पिन एकमेकांना उलटे जुळून एकूण शून्य होतात, त्यामुळे ईपीआर गप्प. दोन लोह-दोन गंधकाचा क्लस्टरही ऑक्सिडीकृत असताना असाच गप्प राहतो, पण त्याची शिखरं ४२० आणि ४६० च्या आसपास सहसा वेगळी दिसतात. आधी स्वस्तातलं करा: ऑक्सिजनविरहित पेटीत डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) घालून नमुना गोठवा आणि १० केल्विनला पाहा. ईपीआरमध्ये g = १.९४ च्या आसपास सिग्नल उगवला तर दिशा मिळाली. ७७ केल्विनलाही टिकला तर दोन लोहवाला जास्त संभवतो. नाही उगवला तर मात्र घाई नको, काही क्लस्टर डायथायोनाइटला दाद देत नाहीत.

खरा निकाल मॉसबाउअरच देईल, म्हणजे लोहाचं केंद्रक गॅमा किरण कसा शोषतं ते पाहणारी पद्धत. स्पिन कितीही असो, नमुन्यातला प्रत्येक लोह-५७ अणू तिथे दिसतो. कोबाल्ट-५७ पासून मिळणारा १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण, आणि स्रोत सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने पुढेमागे हलवायचा, एवढंच यंत्र. उच्च-स्पिन (जास्तीत जास्त सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या) फेरसचा आयसोमर शिफ्ट (शिखरांच्या जोडीचा मध्य किती सरकला ते) १ च्या आसपास आणि फाट (त्या दोन शिखरांमधलं अंतर) २ ते ३ मिलिमीटर प्रतिसेकंद. उच्च-स्पिन फेरिकचा (३+ लोहाचा) शिफ्ट ०.३ ते ०.५ आणि फाट लहान. तुमचा क्लस्टर असेल तर ४.२ केल्विनला शिफ्ट ०.४५ आणि फाट १.१ च्या जवळपास येईल. पण नुसत्या शिफ्टवर जाऊ नका: निम्न-स्पिन (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेलं) फेरसही याच पट्ट्यात घुटमळतं. शिफ्ट कशाच्या तुलनेत (बहुधा अल्फा लोहाची पातळ पत्री) आणि किती तापमानाला, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

नैसर्गिक लोहात लोह-५७ जेमतेम २ टक्के, म्हणून जिवाणू लोह-५७ च्या माध्यमातच वाढवा. नंतर बदलून घेणं फार कष्टाचं. बफरमध्ये क्लोराइड कमी ठेवा, तो हा गॅमा किरण खातो. आणि नमुना गोठलेलाच हवा; द्रवात अणू मोकळा असतो, तो मागे धक्का खातो आणि अनुनाद हातचा जातो.

सगळं लोह दिसतं म्हणजे कचराही दिसतो. लोह-५७ ने समृद्ध केलेल्या आमच्या पहिल्या नमुन्यात फेरिक शिखरांची एक रुंद जोडी आली. आठवडाभर आम्ही तिला नवीन केंद्र समजून चर्चा करत होतो! ते हिस्टिडीन टॅगला (शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या शेपटीला) चिकटलेलं लोह निघालं. टॅग कापला, ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) लावून प्रथिन शुद्धीकरणाच्या स्तंभातून काढलं, तेव्हा ती जोडी गेली. तुमच्या प्रथिनाला टॅग आहे का, आणि प्रति रेणू किती लोह मोजलंत? ते कळवा, मग पुढचं बोलू.