गर्भ टिकावा म्हणून घेतलेल्या इंजेक्शनांमुळे डबल मार्कर चुकीचा येतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एचसीजीचं (गरोदरपणात वारेतून तयार होणारं हार्मोन) ५००० युनिटचं इंजेक्शन आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी चालू होती. बाराव्या आठवड्यात डबल मार्कर, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असण्याची जोखीम सांगणारी रक्ततपासणी केली, ती जोखीम १:१८० आली. सासूबाई म्हणतात इंजेक्शनांमुळेच आकडा बिघडला, आता पुढची तपासणी नको.

मी बडोद्याला रावपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये हे नमुने घेते, फॉर्म भरते. सासूबाईंचं म्हणणं मायेपोटी आहे, पण त्यावर विसंबू नका.

हिशेब बघा. ५००० युनिटच्या इंजेक्शनाने रक्तातलं एचसीजी फार तर शंभर-दोनशेने वाढतं आणि साधारण दोन आठवड्यांत निघून जातं. बाराव्या आठवड्यात तुमची वार स्वतःच ते त्याच मापाने हजारोंनी, कित्येकींत पन्नास हजारांच्याही वर तयार करत असते. तिथे शे-दोनशेने काय फरक पडणार? प्रोजेस्टेरॉन तर या तपासणीत मोजतच नाहीत. मोजतात ते फ्री बीटा एचसीजी (एचसीजीचाच सुटा भाग) आणि पॅप-ए (वारेतून येणारं एक प्रथिन). तेव्हा गोळीही मनाने बंद करू नका.

आकडा खरोखर हलतो तो फॉर्मवरच्या माहितीने. रिपोर्टवर वजन, सोनोग्राफीतला सीआरएल (बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) आणि त्याची तारीख बरोबर आहे का, ते आजच बघा. दिवस आयव्हीएफने राहिले असतील तर तशी नोंद हवीच, कारण त्यात पॅप-ए मुळात थोडं कमी आढळतं आणि नोंद असेल तरच सॉफ्टवेअर ते जमेस धरतं. स्त्रीबीज दुसरीचं असेल तर वय तिचं लागतं. सुरुवातीला जुळं दिसून एक गर्भ थांबला असेल, तर तेही सांगा. घरची माणसं शेजारी बसलेली असली की बायका हे बोलत नाहीत. मी त्यांना वजनकाट्यापाशी नेते आणि तिथे हळूच विचारते. चूक सापडली तर लॅब त्याच नमुन्यावरून जोखीम पुन्हा काढून देते. पुन्हा रक्त देऊन डबल मार्कर करत बसू नका.

सगळं बरोबर असेल तर १:१८० ही जोखीम खरी धरा. सहसा १:२५० पेक्षा मोठी जोखीम, म्हणजे दुसरा आकडा २५० हून लहान असेल तर, जास्त मानतात. पण अशा १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो, हेही सासूबाईंना सांगा.

पुढे दोन वाटा. एनआयपीटी हाताच्या रक्तावर होते, तिच्यात वारेचा डीएनए तपासतात, त्यामुळे हार्मोनचा प्रश्नच येत नाही. तीही चाळणीच, फक्त बरीच बारीक. पक्कं उत्तर हवं तर वारेचा तुकडा घेऊन आत्ता, किंवा पंधरा आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी. एनटी (सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर एनआयपीटीत वेळ न घालवता थेट पक्क्या तपासणीबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.