नायट्रिक ॲसिड बेस कसं काय? आधी एच मोज

तुझी अडचण अशी: अमोनिया पाण्यात विरघळला की पुस्तक पाण्याला ॲसिड म्हणतं, हायड्रोजन क्लोराइड विरघळला की त्याच पाण्याला बेस, आणि नायट्रेशनच्या (बेंझीनवर नायट्रो गट बसवण्याच्या) पानावर तर चक्क नायट्रिक ॲसिडलाच बेस ठरवलंय. तिन्ही बरोबर आहेत, छपाईची चूक नाही.

गोंधळाचं मूळ दहावीत आहे. तिथे आपण अऱ्हेनियसची व्याख्या शिकतो: पाण्यात एच प्लस (हायड्रोजन आयन) देतं ते आम्ल, म्हणजे ॲसिड, ओएच मायनस देतो तो आम्लारी, म्हणजे बेस. मग डोक्यात पक्कं बसतं की आम्ल म्हणजे बाटलीवरचं लेबल. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रोटॉन (म्हणजे तोच एच प्लस) देणारा तो ॲसिड आणि घेणारा तो बेस, असं मांडलं. म्हणजे प्रश्न ‘हा पदार्थ कोण’ असा नसून ‘या अभिक्रियेत यानं काय केलं’ असा आहे.

मी मुलांना वहीत एवढंच करायला लावतो. बाणाच्या डावीकडचा रेणू उजवीकडे कुठल्या रूपात आलाय ते शोधायचं, त्यातले एच मोजायचे, मग प्रभार बघायचा. डावीकडे एनएच३, उजवीकडे एनएच४ प्लस: एच एकानं वाढला, प्रभारही एकानं वाढला, म्हणजे अमोनिया बेस. पाण्याचं ओएच मायनस झालं: दोन्ही एकानं घटले, म्हणजे पाणी ॲसिड. दोन्ही आकडे बरोबरीनं हलले पाहिजेत, ही खरी मेख. अल्कोहोलचं अल्डिहाइड होताना दोन एच जातात पण प्रभार शून्यच राहतो. तिथे ॲसिड-बेस शोधत बसू नकोस, ते ऑक्सिडेशन आहे.

आता नायट्रेशन. सल्फ्युरिकचं एचएसओ४ मायनस झालं आणि नायट्रिकचं एच२एनओ३ प्लस. मोजून बघ. सल्फ्युरिक इतकं जोरदार की त्याच्यापुढे नायट्रिकचं काही चालत नाही, गुमान प्रोटॉन घ्यावा लागतो. पुढे त्यातून पाण्याचा रेणू सुटतो, नायट्रोनियम (एनओ२ प्लस) उरतो आणि तोच बेंझीनवर जाऊन बसतो. नायट्रिकनं आधी बेसचं काम केलं नसतं तर हा नायट्रोनियम तयारच झाला नसता.

सूत्रात ओएच दिसला की बेस, ही सवयही सोड. ॲसिटिक ॲसिडच्या सूत्रातही ओएच आहे, आणि त्यातल्या चार एचपैकी सुटतो तो नेमका त्या ओएचमधलाच. लिटमस बुडवणं किंवा हळदीच्या डागावर साबण लावून लाल होतो का ते बघणं, हे द्रावण कसं आहे ते सांगतं. अभिक्रियेत कोणी कोणाला प्रोटॉन दिला ते नाही.

आणि हो, हिंदी व्हिडिओ बघत असशील तर सांभाळ. तिथे क्षार किंवा क्षारक म्हणजे बेसच्या घरातलं काहीतरी, सॉल्टला ते लवण म्हणतात. आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. निव्वळ यापायी मार्क घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

एका ठिकाणी मात्र एच मोजताना नीट बघावं लागतं: बोरिक ॲसिड, आपली कॅरमची पावडर. सूत्रात तीन ओएच, म्हणजे तीन एच, पण ते स्वतःचा एकही देत नाही. बोरॉनला इलेक्ट्रॉनची जोडी कमी पडते, म्हणून तो पाण्याचा ओएच मायनस स्वतःकडे ओढतो आणि उरलेला प्रोटॉन दुसऱ्या पाण्याला मिळतो. इथे लुईसची व्याख्या लागते, तीही १९२३ चीच: इलेक्ट्रॉनची जोडी घेणारा तो ॲसिड. एक बोरिक एकच ओएच ओढतं, म्हणून तीन एच असूनही परीक्षेत त्याला मोनोबेसिक (रेणूमागे एकच प्रोटॉन) लिहायचं.