अमेरिकेतली गुलामगिरी, वंशभेद आणि नागरी हक्कांचा लढा समजून घ्यायला कोणती पुस्तके वाचावीत?

सुरुवात गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या 1845 च्या आत्मकथनापासून करा. पुस्तक छोटे आहे, दोन-तीन बैठकांत संपते. मालकाने शिकण्यावर बंदी घातल्यावर लहानगा डग्लस रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकतो. तो भाग मी कितीदा तरी वाचलाय.

त्यानंतर गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे 1861 चे आत्मकथन जरूर वाचा. मालकाच्या छळापासून वाचण्यासाठी त्या आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. उभेही राहता येणार नाही इतकी ती जागा बुटकी. लाकडाला भोक पाडून त्या खाली खेळणारी आपली मुले बघायच्या. गुलाम बाईच्या वाट्याला काय येत होते, ते इतक्या स्पष्टपणे डग्लसही सांगत नाहीत.

नागरी हक्कांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांचे ‘स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम’ (1958) घ्या. त्यात बसमधल्या वंशभेदाविरुद्ध अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी 381 दिवस चालवलेल्या बस बहिष्काराची हकिगत आहे. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन मात्र थोडे नंतर वाचा.

आणि जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ (1873) पुन्हा उघडा. तिची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांसाठी आहे.