एकदा बसवून टाकलं की भीती जाते?

"मॅडम, मुलाला एकदा घोड्यावर बसवून टाकलं की भीती जाते ना?" निखिलनं विचारलं. मी पालकांना सल्ला देते, बरेचदा असा व्हिडिओ कॉलवर. डॅलसमध्ये शनिवारची सकाळ, माझ्याकडे पुण्यात संध्याकाळचे सात. पडद्यावर तो आणि त्याची बायको केतकी शेजारी शेजारी, मागे निखिलची आई भेंडी पुसत बसलेल्या. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

जुलैमध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात, साडेआठ हजार फुटांवरच्या एका गेस्ट रँचवर आठवडाभर जायचं ठरलं होतं. बुकिंग जानेवारीतच झालेलं, पैसे भरलेले. मुलगा ईशान साडेपाच वर्षांचा, रमा अडीच. मे महिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला पोनी आणला होता. त्याला बघून ईशाननं आईच्या पायाला मिठी मारली ती गाडीत बसेपर्यंत सोडली नाही. तेव्हापासून घोड्याचं नाव काढलं की "मी नाही येणार" एवढंच.

गेस्ट रँच म्हणजे घोड्यांच्या संगतीत राहण्याची जागा. लाकडी केबिन, सगळ्या पाहुण्यांनी एकत्र बसून जेवायचं, सकाळ-दुपार घोड्यावरून डोंगरात फिरायचं, रात्री शेकोटी. बहुतेक ठिकाणी मुक्काम आठवड्याचा, रविवार ते शनिवार. निखिलनं याचा इतिहासही वाचून काढला होता. डाकोटातल्या ईटन बंधूंकडे पूर्वेकडचे मित्र येऊन इतके दिवस राहायचे, की १८८२ च्या सुमारास त्यांनी राहण्याखाण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे १९०४ मध्ये ते वायोमिंगला गेले, आणि ती रँच आजही पाहुणे घेते. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. ही सहल त्याच्या मनात किती वर्षं होती ते तेव्हा कळलं.

प्रश्न मात्र माझ्या ओळखीचा. घोड्याच्या जागी कधी पोहण्याचा तलाव असतो, कधी स्नेहसंमेलनाचं स्टेज, कधी अलिबागचा समुद्र. "एकदा ढकललं की येतं आपोआप." मी निखिलला सरळ "नाही" म्हटलं. रडणाऱ्या मुलाला बसवलं तर ते थोड्या वेळानं गप्प होतं हे खरं. पण भीती गेली म्हणून गप्प झालं, की आता कुणी ऐकणार नाही हे कळलं म्हणून, ते बाहेरून कळत नाही.

मग मागून आजी बोलल्या. भेंडी बाजूला ठेवली त्यांनी. "ताई, याला आम्ही बसवला होता हो. महाबळेश्वरला, वेण्णा लेकवर. असाच पाच वर्षांचा. फोटो आहे घरी, रडतानाचा. सगळे हसतात त्या फोटोला."

निखिलही हसला. "हो, पण नंतर मजा आली मला."

"कुठली मजा? रोलमध्ये शेवटचा फोटो उरला होता, म्हणून ह्यांनी घाई केली. उतरल्यावर तू कणीससुद्धा खाल्लं नाहीस."

मी निखिलला विचारलं, त्यानंतर घोड्यावर किती वेळा बसलात? त्यानं बराच वेळ उत्तर दिलं नाही. एकदाही नाही. इतिहास वाचला होता, बूट घेतले होते, पण चाळीस वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा घोड्यावर बसलेला नव्हता. त्या दिवशी मी यावर अधिक काही बोलले नाही. आईसमोर तेवढं कळणं त्याला पुरेसं होतं.

ईशानबद्दल मात्र मला दोघांना एक गोष्ट समजवायची होती. स्वभाव हा प्रकार खरा असतो. थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली, की नवीन काही दिसलं की आधी मागे सरतात, पण वेळ दिला तर हळूहळू रुळतात. ईशान शाळेत पहिले तीन आठवडे दाराजवळच बसायचा, आणि आता वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो. म्हणजे हा मुलगा रुळतो. फक्त त्याचं घड्याळ वेगळं आहे, आणि रँचचा कार्यक्रम त्या घड्याळावर चालत नाही.

दुसरं, अशी मुलं आधी आपलं तोंड बघतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली एका ठिकाणी खड्डा असल्याचा भास, आणि पलीकडच्या टोकाला आई. आईनं हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. केतकी लगेच म्हणाली, "मग मी हसत राहते." पण तसं नकली हसू साडेपाच वर्षांचं मूल क्षणात ओळखतं. आधी आपली भीती कमी करायची, तर चेहरा आपोआप सैल पडतो. त्यासाठी माहिती लागते. म्हणून मी तिला पहिलं काम दिलं, रँचला फोन करायचा.

विचारायचं काय ते आम्ही मिळून ठरवलं. किती वर्षांच्या मुलांना डोंगरातल्या वाटेवर नेतात? (बहुतेक ठिकाणी सहाच्या पुढे. त्याहून लहान मुलांना रिंगणात, कुणीतरी दोरी धरून.) लहान मापाचं हेल्मेट मिळतं का? जवळचं हॉस्पिटल गाडीनं किती लांब? अडीच वर्षांच्या मुलीला कोण सांभाळणार, आणि दर दिवशी तीच व्यक्ती असेल का? आणि शेवटचा प्रश्न, ज्यावरून मी जागा पारखते: मूल बसायला नाही म्हणालं तर तुम्ही काय करता? "आमच्याकडे सगळी मुलं बसतातच" असं उत्तर आलं असतं, तर पैसे गेले तरी चालतील पण बेत बदला, असं मी सांगितलं असतं. तिथली मुलगी म्हणाली, मग तो घोड्यांना खरारा करायला मदत करेल, त्याचंही काम भरपूर असतं. मला ती रँच तिथेच आवडली.

ईशानशी बोलायला मी फक्त एक गोष्ट सुचवली, खूण. बाबाच्या तळहातावर दोन बोटं दाबली की थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. आणि ती खूण महिनाभर घरीच वापरून बघायची, कुस्ती खेळताना, गुदगुल्या करताना, शॉवरखाली केस धुताना. ईशाननं पहिल्या आठवड्यात ती दिवसाला वीस वेळा वापरली म्हणे. मुलं असंच करतात. आधी कुलूप लागतं का ते बघतात, मग किल्लीची आठवण काढत नाहीत.

आजींनी आपलं काम स्वतःच काढून घेतलं. मेतकुटाची बरणी. केबिनमध्ये चूल नसणार, पण स्वयंपाकघरातून साधा भात मागता येईल. परक्या गावात, परक्या भीतीच्या आठवड्यात, एक वेळ तरी ओळखीची चव पोटात गेली पाहिजे. याला मी सल्ल्याइतकंच महत्त्व देते.

उंचीचं मात्र मला आग्रहानं सांगावं लागलं. डॅलसचं घर समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे फुटांवर. तिथून एका दिवसात साडेआठ हजारांवर गेलं तर डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. मोठी माणसं ते सांगतात. अडीच वर्षांचं मूल नुसतं किरकिरतं आणि जेवत नाही. म्हणून वाटेत एक रात्र डेन्व्हरला काढा, ते ५२८० फुटांवर आहे. पाणी पाजत राहा, पहिला दिवस धावपळ नको. आणि त्रास वाढतच गेला, उलट्या थांबेनात, मूल मलूल झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न बघता खाली उतरून डॉक्टरकडे जा. घोड्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. इथे दोन्ही नव्हतं.

पहिल्या रात्री रमा जेवली नाही आणि रात्रभर रडली. केतकीला वाटलं, परक्या जागेमुळे. मग उंचीचं आठवलं, तिला उचलून बसवून ठेवलं, थोडं थोडं पाणी दिलं, आणि सोमवारी फारसं कुठे न जाता दोघी केबिनच्या पायरीवर बसून राहिल्या. मंगळवारी रमा मेतकूट-भात मागायला लागली.

त्याच सोमवारी केतकीनं मला एक फोटो पाठवला होता. तबेल्याच्या फाटकावर पाटी: कोलोरॅडोच्या कायद्यानुसार, घोड्यांशी मुळातच जोडलेल्या धोक्यांतून इजा झाली तर घोडेवाला जबाबदार नाही. खाली तिचा आवाज, "हे वाचून माझेच पाय लटपटले." मी तिला म्हटलं, ही पाटी तिथल्या तबेल्यांवर असतेच, आणि ती खरं बोलते. चारशे-पाचशे किलोचा जिवंत प्राणी आहे तो. ईशान घाबरतो यात त्याचं चुकत नाही. त्याला "काही होत नाही" म्हणू नका. काय केलं की काय होतं, ते शिकवायला तिथल्या माणसांना सांगा.

त्यांनी ते फार छान शिकवलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे थेट मागचं आणि नाकाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. कान पुढे असले तर त्याचं लक्ष आहे. कान मागे डोक्याला चिकटले तर तो चिडलाय, लांब व्हायचं. मागचा एक पाय सैल टेकवून उभा असला तर आरामात आहे. ईशाननं पहिल्या दिवशी फाटकाबाहेर दोन बोटं दाबली. निखिल थांबला. बाकीची मुलं आत गेली, त्यातली दोन ईशानएवढीच. निखिल मला नंतर म्हणाला, "मॅडम, ती पाच मिनिटं मला फार जड गेली. सगळे बघतायत असं वाटत होतं." कुणीही बघत नव्हतं, पण ते तेव्हा कुणाला पटतं? तरी तो थांबला. अख्ख्या आठवड्यातलं सगळ्यांत मोठं काम त्या पाच मिनिटांत झालं, असं मी मानते.

मंगळवारी ईशान कुंपणाच्या फळीवर बसून फक्त कान बघत होता. कुठल्या घोड्याचे पुढे, कुठल्याचे मागे, मोठ्यानं सांगत होता. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजींना (त्या डॅलसलाच राहिल्या होत्या) त्यानं एक तपकिरी घोडा दाखवला, चारही पाय खाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. आजी म्हणाल्या, "अरे, हा तर पंचकल्याणी! शुभ असतो." त्या घोड्याचं तिथलं नाव वेगळंच होतं, पण ईशाननं ते टाकून दिलं. बुधवारी तो पंचकल्याणीला खरारा करायला गेला. आधी बाबाचा हात ब्रशवर, वर त्याचा हात. मग फक्त त्याचा. केतकीनं लांबून केलेला व्हिडिओ मी बघितला. ब्रश खांद्यापासून सुरू होतो, धुळीचा छोटा ढग उठतो, घोडा कातडी थरथरवतो, ईशान हात मागे घेतो, कान बघतो, आणि पुन्हा हात ठेवतो.

त्या दिवशी दुपारी गडगडाट झाला. उन्हाळ्यात त्या डोंगरांत दुपारी वीज-पाऊस नेहमीचा, म्हणून लांबच्या फेऱ्या सकाळीच उरकतात. गुरुवारी सकाळी निखिल त्या आठवड्यात पहिल्यांदा घोड्यावर बसला. तीन दिवस तोही टाळत होता, हे त्यानं ईशानला सांगितलं होतं, "मलाही भीती वाटते." रिकिबीत पाय अडकवताना त्याचा तोल गेला, खोगिराची मूठ त्यानं घट्ट पकडली. फळीवरून ईशान ओरडला, "बाबा, त्याचे कान पुढे आहेत! काही नाही करणार तो!"

त्याच संध्याकाळी केतकीचा फोन आला. ईशान पंचकल्याणीवर बसला होता. "चालवायचा नाही" म्हणून आधी कबूल करून घेतलं, हेल्मेट घातलं, बसला, साठपर्यंत आकडे मोजले आणि उतरला. शुक्रवारी शेवटच्या दिवशी मुलांचे खेळ होते, त्यात बसायला नाही म्हणाला. "मॅडम, एवढे हजारो डॉलर, आणि पोरगा एक मिनिट बसला. उद्या एक फेरी तरी मारायला लावू का?"

नको, म्हटलं. तो स्वतःहून बसला आणि स्वतःहून उतरला. यातलं दुसरंही तितकंच त्याचं आहे. उद्या लावलंत तर तो बसेलही कदाचित, पण महिनाभर जपलेली ती दोन बोटं मग कामाची राहणार नाहीत. आणि पुढे दहाव्या, पंधराव्या वर्षी त्याला "नको" म्हणायची वेळ येईल, तेव्हा ती तुम्हालाच हवी असतील.

शुक्रवारी खेळ झाल्यावर घोडे कुरणात सोडायची वेळ झाली. तिथल्या मुलीनं पंचकल्याणीच्या दोरीचा मधला भाग ईशानच्या हातात दिला, पुढचं टोक स्वतःकडे ठेवलं. तबेल्यापासून कुरणाच्या फाटकापर्यंत तो घोड्याच्या खांद्याशेजारून चालला, मराठीत काहीतरी सांगत. काय सांगत होता ते व्हिडिओत ऐकू येत नाही.

डॅलसला परतल्यावर आमचं शेवटचं सत्र झालं. ईशान मध्येच येऊन डोकावला आणि आईला विचारून गेला, पुढच्या वर्षी पंचकल्याणी तिथेच असेल का? केतकीनं माझ्याकडे बघितलं, काय सांगू म्हणून. मी म्हटलं, रँचला फोन करा, विचारा, आणि ते सांगतील तेच त्याला सांगा.