लिनक्स टाकलं तरी थेट विंडोजच सुरू होतंय, सगळं फॉरमॅट करू का?

फॉरमॅट अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज १० असलेल्या घरच्या कंप्युटरवर शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, शेवटी इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा मेसेज पण आला, पण रीस्टार्ट केलं की थेट विंडोज उघडतंय, एकदा एफ१२ दाबून येणाऱ्या बूट मेनूतून कसंबसं मिंट उघडलं तर वायफायच दिसेना, आणि हे सगळं तीनदा पुसून परत टाकून झालंय. एफ१२ दाबून मिंट उघडलं ना, मग ते डिस्कवर नीट बसलंय. चौथ्यांदा टाकलंत तरी परत इथेच येऊन अडकाल.

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारं छोटं सॉफ्टवेअर, जागं होतं, आपण सवयीने त्याला बायॉस म्हणतो पण आताच्या मशीनमध्ये ते यूईएफआय असतं. त्याच्याकडे एक यादी असते, कोणाला आधी बोलवायचं याची, आणि तुमच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आहे एवढंच झालंय. कंप्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, सेटिंगमध्ये बूट नावाचा भाग असतो तिथे जा आणि उबुंटू नावाची ओळ वर सरकवा. मिंट टाकलं तरी तिथे बऱ्याचदा उबुंटूच लिहिलेलं असतं, कारण मिंट उबुंटूवर बांधलेलं आहे, त्यामुळे गोंधळू नका. एफ१० दाबून सेव्ह करा. पुढच्या वेळी काळा मेनू येईल ज्यात मिंट आणि विंडोज दोन्ही दिसतील, त्याला ग्रब म्हणतात. पुढे कधी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर यादी परत उलटी झाली तर घाबरू नका, हेच परत करायचं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण माझी एक अख्खी रात्र त्यात गेली होती. मी पण विंडोजच्या मशीनमध्ये दुसरी डिस्क लावून तिच्यावर लिनक्स टाकलं होतं आणि ते सुरूच होत नव्हतं, दोनदा पुसून टाकलं, पेन ड्राइव्ह बदलला, आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, परत डाउनलोड केली. पहाटे कधीतरी बूट मेनूकडे नीट बघितलं तर तिथे तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसत होता, एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव आणि दुसऱ्या ओळीत त्याच नावाच्या आधी यूईएफआय असं लिहिलेलं. मी दर वेळी पहिली ओळ निवडत होतो. म्हणजे पेन ड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत होता, लिनक्स पण त्याच पद्धतीने बसत होतं, आणि विंडोज मात्र यूईएफआय पद्धतीचं, त्यामुळे यादीत लिनक्सचं नाव कधी चढलंच नाही. म्हणून तुमच्याकडे यादीत उबुंटूची ओळच नसेल तर आधी हे तपासा. पेन ड्राइव्हवरून यूईएफआयवाली ओळ निवडून मिंट उघडा, इन्स्टॉल करू नका, मेनूत बूट रिपेअर नावाचं प्रोग्राम आधीपासून दिलेलं असतं ते चालवा आणि त्याची शिफारस केलेली दुरुस्ती निवडा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

वायफायचं दुखणं वेगळं आहे. काही वायफाय चिपना, ब्रॉडकॉमच्या खास करून, कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि तो आपोआप बसत नाही. आता ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, इथेच लोक हात टेकतात. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं इंटरनेट देणं) चालू करा, मिंट त्याला लगेच वायरचं नेटवर्क समजून घेतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून जो ड्रायव्हर सुचवलाय तो टाका आणि रीस्टार्ट करा.

इथे अजून एक अडचण येऊ शकते आणि मला वाटतं तुमच्याकडे तीच झाली असेल. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पानावर सिक्युअर बूटसाठी, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या सोयीसाठी, एक पासवर्ड मागितला होता का? तो मागितला असेल तर पहिल्याच रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड टाकायचा असतो, पण ती स्क्रीन थोडेच सेकंद थांबते आणि आपण चहा घ्यायला उठलो की निघून जाते. मग लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, त्या ड्रायव्हरची सही ओळखता येत नाही, ड्रायव्हर डिस्कवर असतो पण लोड होत नाही आणि वायफाय गायब. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग. फक्त त्याआधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते नक्की बघा आणि असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोज पुढच्या वेळी तीच मागत बसेल आणि तुमचे फोटो, कागदपत्रं सगळं आत अडकेल. हे खरंच मनापासून सांगतोय, ती रिकव्हरी की लिहून न घेता पुढे जाऊ नका.

विंडोजमध्ये गेलाच आहात तर पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप पण बंद करून टाका. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून तुमचा डी ड्राइव्ह उघडला तर फाइली नुसत्या वाचता येतात, सेव्ह काही होत नाही. विंडोजमध्ये घड्याळ काही तास मागेपुढे दिसलं तर तोही बिघाड नाही, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ, म्हणून भांडण होतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) timedatectl set-local-rtc 1 ही कमांड दिली की मिटतं.

आणि कंप्युटर जुना आहे म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे धडधाकट मशीन अडगळीत चाललीयेत, तुम्ही तुमचं वाचवताय ते फार चांगलं करताय. मिंटचं एक्सएफसीई नावाचं हलकं व्हर्जन ४ जीबी रॅमवर पण बऱ्यापैकी चालतं.

आधी बूटची यादी, मग वायफाय, असं एकेक करा, दोन्ही एकदम हलवू नका. एवढं करून वायफाय नाहीच आलं तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) टाइप करून नेटवर्क लिहिलेली ओळ इथे टाका, वायफाय यूएसबी डोंगलचं असेल तर एलएसयूएसबी (lsusb). चिपचं नाव कळलं की नेमका कोणता ड्रायव्हर ते सांगतो.