जखमी हरणाचा माग: घाई कधी नको?

प्रश्न: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात परवान्यावर धनुष्यबाणाने शिकार करतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण बाण लागून पळालं. बाणावर हिरवट, दुर्गंधीयुक्त घाण होती. लगेच मागे जावं का?

उत्तर: मुळीच नाही. ही पोट-आतड्याची जखम. ८ ते १२ तास थांबा. हुसकावलं नाही तर हरीण बहुधा जवळच्याच झाडीत बसतं. उठवलंत तर लांब जातं, आणि अशा जखमेतून रक्त कमीच सांडत असल्याने माग तुटतो. गडद लाल रक्त यकृताचं, ४ ते ६ तास थांबा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं, अर्धा तास पुरे. रक्ताच्या रेषेवरून नव्हे, कडेने चाला. शेवटच्या डागापाशी फीत बांधा. उकाड्यात थांबण्याने मांस बिघडू शकतं, तरीही थांबाच, आणि नियम पाहून दोरीला बांधून माग काढणारा कुत्रा बोलवा.