वाचक विचारतात: गोठलेल्या मोठ्या तळ्यावर, सुटलेल्या वाऱ्यात कुठला तंबू घ्यावा?

प्रश्न: नमस्कार दादा. मी कराडचा, रिटायर्ड माणूस. लहानपणापासून कोयनेच्या आणि कृष्णेच्या काठाला गळ टाकून बसायची सवय आहे. मुलगा मिनेसोटात असतो, येत्या जानेवारीत आम्ही दोघं दीड महिना त्याच्याकडे चाललोय. तिथं मिल लॅक्स नावाचं मोठं तळं आहे, ते हिवाळ्यात गोठतं आणि लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात, मुलगा म्हणतोय बाबा तुम्ही आला की जायचंच. त्याला घडी घालून नेता येईल असा तंबू घ्यायचाय. त्यानं ऑनलाइन सहा माणसांचा मोठा हब तंबू बघून ठेवलाय पण त्याचा ऑफिसातला मित्र म्हणतो त्या तळ्यावर वारा लय असतो, तुम्ही फ्लिप-ओव्हर घ्या. जास्त करून आम्ही बापलेकच जाणार, कधीतरी सून आणि सात वर्षांचा नातू. गाडी पिकअप आहे, स्नोमोबिल (बर्फावर पळणारी स्कूटर) नाही. माझा एक गुडघा दुखतो. काय घ्यावं?
— एक वाचक, कराड

उत्तर: काका नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं कारण मी स्वतः नोकरीच्या निमित्तानं सहा हिवाळे मिनेसोटात काढलेत आणि त्यातले कितीतरी शनिवार त्याच तळ्यावर. पहिल्यांदा उत्तर सांगून टाकतो: मित्राचं ऐका, दोन माणसांचा, जाड अस्तराचा फ्लिप-ओव्हर घ्या. आता का ते सांगतो, कारण मुलाला पटवायला कारणं लागतील.

आधी तळं डोळ्यासमोर आणा. मिल लॅक्स पाचशे चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि खोली सगळ्यात जास्त म्हणजे ४२ फूट, म्हणजे एखादं पसरट ताटच. आपल्या कोयना धरणाच्या शिवसागराला दोन्ही बाजूनी डोंगर आहेत, बामणोलीला वारा आला तरी कुठंतरी अडतो, वळतो. तिथं अडवायला काहीच नाही, झाड नाही, टेकडी नाही, सपाट बर्फावरून वारा मैलोन् मैल मोकळा धावत येतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहिलाय ना कधी, शर्ट फडफडतो आणि बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही, तसला वारा, आणि तो वजा पंधरा डिग्रीत. वजा पंधराला ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते वजा सत्तावीससारखं लागतं.

आता हिशेब. हब तंबू म्हणजे छत्रीसारख्या काड्यांचा चौकोनी खोका, प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक गाठ असते, तिथून चार काड्या कोपऱ्यांकडे जातात, ती गाठ बाहेर ओढली की भिंत ताणून उभी राहते. हलका असतो, आत उभं राहता येतं, जागा भरपूर, म्हणून दुकानात बघितलं की हाच आवडतो, मुलाचा दोष नाही. पण त्याची एक भिंत साधारण साडेतीन चौरस मीटरची असते आणि ती वाऱ्यासमोर सपाट उभी असते. ताशी ४० च्या वाऱ्यात तिच्यावर तीसेक किलोचा रेटा येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे ८० च्या झोताला सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात तिथली थंड हवा आपल्या तीस डिग्रीच्या हवेपेक्षा वीसेक टक्के जड असते. आणि तंबूचं स्वतःचं वजन किती, तर पंधरा-वीस किलो. असा झोत आला की वाऱ्याकडच्या भिंतीची गाठ आत दबते, काड्या मोडतात, मग कापड सैल होऊन फडफडायला लागतं आणि तिथून पुढं सगळा तंबू शिडासारखा ओढला जातो.

फ्लिप-ओव्हरचं तसं नाही. खाली बर्फावरून ओढायची प्लास्टिकची होडीसारखी स्लेड असते, तिच्यावरच खुर्च्या बसवलेल्या असतात, आणि मागून डोक्यावरून पुढं ओढून घ्यायचं कापडाचं छप्पर, बाळाच्या गाडीला असतं तसं. स्लेडची पाठ वाऱ्याकडं करायची, खुर्चीत बसायचं आणि छप्पर पुढं पाडायचं, मिनिटभराचं काम. वारा मागच्या उतरत्या कापडावरून वर घसरून जातो आणि बुडाला तुम्हा दोघांचं आणि सामानाचं वजन. हा प्रकार लोकांपर्यंत नेला तो मिनेसोटाच्याच डेव्ह गेंझ यांनी, १९८० च्या दशकात त्यांचा फिश ट्रॅप तंबू आला आणि तिथल्या लोकांची बर्फावर बसायची पद्धतच बदलली, एका जागी पेटी ठेवून दिवस काढण्याऐवजी लोक माशांच्या मागं जागा बदलत फिरायला लागले. माण-खटाव, आटपाडीकडच्या मेंढपाळांची पालं बघा, बुटकी, वाऱ्याला पाठ देऊन बांधलेली, तीच अक्कल आहे ही.

तुमच्या गुडघ्यासाठीही हेच बरं कारण बसायला पाठ टेकायची खुर्ची मिळते, पण मॉडेल बघताना बाजूला दार असलेलं घ्या, नाहीतर पुढून वाकून आत शिरावं लागतं आणि खालचा बर्फ गुळगुळीत असतो. बुटाला खाली लावायचे लोखंडी काटे मिळतात, ते पहिल्या दिवशीच घ्या. तंबूच्या आधी घ्या म्हणलं तरी चालेल.

फ्लिप-ओव्हरची खोट एकच, वजन. दोन माणसांचा अस्तरवाला पंचेचाळीस किलोच्या पुढंमागं जातो, सामान भरलं की आणखी. उघड्या बर्फावर तो एका हातानं ओढला जातो पण गुडघाभर बर्फ पडलेला असेल तर तरण्या माणसाचाही दम निघतो, आणि तुमच्याकडं स्नोमोबिल नाही. पण मिल लॅक्सच्या काठचे रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते साफ करून ठेवतात, पैसे घेतात आणि गाडी आत सोडतात, तर पिकअपमधून स्लेड उतरवायची आणि थोडंसंच ओढायचं. ओढायचं काम मुलावर सोपवा.

सून आणि नातवाचं काय, तर त्यांच्यासाठी मोठा तंबू विकत घेऊ नका. तेच रिसॉर्टवाले हीटर लावलेली, भोकं पाडून तयार ठेवलेली घरं दिवसाच्या भाड्यानं देतात, नातवाला घेऊन जायचं त्या दिवशी तेच घ्या, पोराला उबेत बसता येईल आणि खेळताही येईल. वर्षातून दोन दिवस लागणाऱ्या जागेसाठी बाकी सगळे दिवस वाऱ्याशी भांडायचं कशाला.

तरीही मुलगा हबवरच अडून बसला तर निदान चार माणसांचा घ्यायला सांगा, सहाचा नको, आणि उभा करायची रीत शिकून जाऊ दे. मी स्वतः ही चूक केलीय म्हणून कळकळीनं सांगतो. पहिल्या वर्षी एकटा गेलो होतो, तंबू आधी पूर्ण उघडला आणि मग तो बर्फात पक्का करायचे स्क्रू घ्यायला बॅगेकडं वळलो, तेवढ्यात तो उचलला गेला आणि बघता बघता अर्धा किलोमीटर लांब. मी मागं पळालो, पडलो, मनगट सुजलं, आणि एका अनोळखी माणसानं स्नोमोबिलवरून जाऊन तो धरून आणला. त्या जागी त्याच्या रस्त्यात एखादं लेकरू उभं असतं तर, हा विचार आजही येतो. तर आधी तंबू मिटलेला असतानाच वाऱ्याकडचे दोन कोपरे बर्फात स्क्रूनं पक्के करायचे, मग वाऱ्याकडचीच भिंत उघडून तिच्या मधल्या गाठीची दोरी लांब ताणून बांधायची, त्यानंतर बाकीच्या भिंती आणि छत. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. काढताना बरोब्बर उलटं, वाऱ्याकडचे स्क्रू सगळ्यात शेवटी. बर्फाचे स्क्रू हातानं फिरवताना हातमोजे काढावेसे वाटतात आणि बोटं बधिर होतात, ड्रिल मशीनला लावायचा जोड मिळतो तो घ्या, अर्ध्या मिनिटात स्क्रू आत. तंबूबरोबर जेवढे स्क्रू येतात त्याच्या दुप्पट जवळ असू द्या.

आणि फ्लिप-ओव्हर घेतला म्हणून स्क्रू नकोत असं नाही! तुम्ही दोघं बसलाय तोवर वजन आहे, वॉलआय (तिथला मासा) लागला म्हणून दोघं उठून बाहेर आला की ते वजन गेलं. हे फार जण विसरतात. तंबूच्या खालच्या कडेला कापडाची झालर असते तिच्यावर चारी बाजूनी फावड्यानं बर्फ ओढून टाका, वारा खालून आत शिरायचा थांबतो, तंबू उचलायची सुरुवात तिथूनच होते.

कापड अस्तरवालंच घ्या, महाग आणि जड असतं तरी. साध्या एकेरी कापडाला आतून श्वासाचं पाणी धरतं, ते वरून ठिबकतं, गोठतं, आणि घडी घालताना लाकडासारखं कडक होतं. घरी आल्यावर गॅरेजमध्ये पसरून वाळवायचा, ओला मिटला तर बुरशी. बाहेरचा रंग लाल-केशरी असला तर बरं, स्नोमोबिलवाल्यांना दिसतो, रात्री बसणार असाल तर चारी बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात, तिथला नियमच आहे. आतून काळा असला की अंधारात भोकातून खालचं पाणी स्वच्छ दिसतं, पहिल्यांदा खालून मासा येताना बघाल ना काका, विसरणार नाही.

तंबूपेक्षा मोठी गोष्ट बर्फाची. चालायला निदान ४ इंच स्वच्छ, कडक बर्फ लागतो, लहान कारला ९-१० इंच आणि पिकअपला त्याहून जास्त, आणि पांढरट, भुसभुशीत बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. मोठ्या तळ्यावर वारा नुसता तंबू उडवत नाही, बर्फही तोडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात मिनेसोटातच अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटून वाहत गेला आणि दोनशेच्या आसपास माणसं त्यावर अडकली, सगळी सुखरूप काढली. म्हणून जायच्या दिवशी सकाळी रिसॉर्टवाल्याला फोन करून बर्फ विचारायचा, वारा जोराचा सांगितला असेल तर त्या दिवशी घरी राहायचं, आणि गळ्यात बर्फात रुतवायचे दोन टोचे अडकवायचे, आत पडलं तर त्याच्या आधारानं वर येता येतं. तुमचं फिशिंग लायसन्स वेगळं काढावं लागेल, बाहेरून आलेल्यांचं असतं ते, विसरू नका.

प्रश्न: दादा, माझा मुलगा कॅनडात मॅनिटोबाला शिकायला आहे. मित्रांबरोबर लेक विनिपेगवर तंबू टाकून गॅसचा हीटर लावून रात्रभर मासे धरणार म्हणतोय. मला झोप नाही. बंद तंबूत हीटर चालतो का?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे, उडवून लावू नका ती. बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद, आणि आत माणूस बेशुद्ध, अशा बातम्या आपल्याकडं दर थंडीत वाचतो ना, तोच कार्बन मोनॉक्साइड तंबूतही होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा धरून बसतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते, आणि ही लक्षणं थंडीची किंवा जागरणाची समजून पोरं तशीच झोपतात.

वाऱ्याच्या दिवशी धोका जास्त. कारण वारा आत येतो म्हणून पोरं झरोके बंद करतात, झालरीवर बर्फ ओढतात, तंबू घट्ट होतो. झालर बंद केली तर चालेल, बरोबरच आहे ते, पण वरचा झरोका आणि खालच्या बाजूची एक फट वाऱ्याच्या उलट दिशेला उघडी राहिलीच पाहिजे, थंडी लागली तरी. मुलाला चार गोष्टी फोनवर म्हणून दाखवायला लावा: आत वापरायलाच बनवलेला, प्राणवायू कमी झाला की आपोआप बंद होणारा हीटर, बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म, झरोके उघडे, आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. अलार्मची बॅटरी नवीन आणि थंडीत चालणारी हवी, थंडीत बॅटरीचा जीव लवकर जातो. कुणाचंही डोकं दुखायला लागलं की पहिलं काम सगळ्यांनी बाहेर, मग बाकीचा विचार.

आणि हीटरखाली पाट किंवा फोमची चटई असू दे, नाहीतर खालचा बर्फ वितळून हीटर कलंडतो आणि स्क्रूही सैल होतात. लेक विनिपेग साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरचं आहे ताई, आपल्या सांगली जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट, पहिल्याच खेपेला तिथं रात्र काढू नकोस, दिवसा जाऊन ये आणि निघताना-पोचताना मेसेज टाक, असं त्याला माझ्याकडूनही सांगा.

प्रश्न: भावानं अमेरिकेतून येताना असला जुना हब तंबू आणलाय. धोम धरणाच्या काठाला गळ टाकून बसायला वापरता येईल का?
— एक वाचक, वाई

उत्तर: पावसाळी वाऱ्यात आणि थंडीत पहाटे चालेल, उन्हात अजिबात नको, अस्तर असेल आणि आतून काळा असेल तर दहा वाजता भट्टी होईल. बर्फाचे स्क्रू आपल्या मातीत धरत नाहीत, लोहाराकडून फूट-दीड फुटाच्या मेखा करून घ्या आणि काठाला मुरूम असेल तिथं ठोका, गाळात नको. गाठीच्या दोऱ्या चारी बाजूनी ताणायच्याच. खाली जमीन शिवलेली नसते त्यामुळं विंचूकाट्याचं बघून ताडपत्री अंथरा, आणि पाणी सोडायच्या दिवसांत काठापासून लांब बसा.